ऑफिसची प्रॉडक्ट की हरवली? आधी परवाना कुठे नोंदलाय ते शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, आणि ऑफिस २०१६ व ऑफिस २०१९ यांचाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. ती नसलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्यामुळे अनेकांना नवा कॉम्प्युटर घ्यावा लागतोय, आणि तो सुरू केल्यावर पहिला प्रश्न येतो तो वर्ड-एक्सेलचा. पैसे देऊन घेतलेलं ऑफिस जुन्या मशीनवर आहे, नव्या मशीनवर ते प्रॉडक्ट की मागतंय, आणि ज्या कार्डावर ती छापली होती ते कार्ड काही सापडत नाही.

इथून पुढे बहुतेक जण एकच गोष्ट करतात. इंटरनेटवर शोधतात, 'की शोधून देणारं' एखादं सॉफ्टवेअर डाउनलोड करतात आणि ते चालवून बघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तिथे जरा थांबा. तुमचं ऑफिस २०१३ किंवा त्यानंतरचं असेल तर पूर्ण प्रॉडक्ट की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाहीच. जे तिथे नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर शोधून देऊ शकत नाही. आणि बऱ्याचदा तिची गरजही उरलेली नसते.

प्रॉडक्ट की म्हणजे काय

प्रॉडक्ट की म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून बनलेला २५ चिन्हांचा कोड. पाच-पाच चिन्हांचे पाच गट असतात आणि मध्ये आडव्या रेघा. हा कोड टाकला की ऑफिस इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं: हा खरा आहे का, आणि आणखी कुठे वापरला गेलाय का? उत्तर अनुकूल आलं की ऑफिस पूर्णपणे खुलं होतं. या विचारपूस करण्याच्या क्रियेला अॅक्टिव्हेशन म्हणतात.

पूर्वी हे फार साधं होतं. विंडोज ९५ च्या सीडीवरच्या कोडमध्ये मुख्य तपासणी एवढीच असे, की शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला ७ ने भाग जातो का. असा कोड कुणीही बसल्या जागी तयार करू शकत होता. २००१ मध्ये ऑफिस एक्सपी आलं आणि सर्व्हरकडून मान्यता घेणं ही सर्वसाधारण रीत झाली. त्यानंतरच्या कोडमध्ये एक डिजिटल सहीही गुंफलेली असते. मायक्रोसॉफ्टकडच्या गुप्त आकड्यावरून ती सही तयार होते. तुमच्या कॉम्प्युटरवरचं ऑफिस ती खरी की खोटी हे ओळखू शकतं, पण स्वतः तशी सही करू शकत नाही.

की वेगळी, परवाना वेगळा

सगळा गोंधळ इथे होतो. आपण विकत घेतो तो परवाना, म्हणजे ते सॉफ्टवेअर ठरावीक अटींवर वापरण्याचा हक्क. प्रॉडक्ट की हे तो हक्क आपल्या नावावर लावून घेण्याचं साधन आहे.

बँकेत भरायच्या चेकचं उदाहरण घ्या. चेक हातात आहे तोवर त्या कागदाला जपायला हवं. एकदा तो भरला आणि पैसे खात्यात जमा झाले, की कागदाचं काम संपतं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं 'पैसे कुठे आहेत', तर आपण चेक शोधत नाही, खातं बघतो. ऑफिस २०१३ पासून प्रॉडक्ट की तशीच चालते. ती एकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात रिडीम केली, म्हणजे भरली, की हक्क त्या खात्यावर नोंदला जातो. पुन्हा ऑफिस बसवताना की टाकायची नसते, त्या खात्यात लॉग-इन करून तिथून डाउनलोड करायचं असतं. तीच की दुसऱ्यांदा भरायला गेलात तर ती वापरून झाली आहे असंच उत्तर येईल, मग कार्ड सापडलेलं असो वा नसो.

म्हणून पहिला प्रश्न 'की कुठे ठेवली' हा नाही. 'परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि तो कुठे नोंदलाय' हा आहे. उत्तर प्रत्येक आवृत्तीला वेगळं आहे.

सबस्क्रिप्शन असेल तर

हे सगळ्यात सोपं. दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरत असाल तर तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे (२०११ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नाव ऑफिस ३६५ होतं, घरगुती योजनांचं नाव २०२० मध्ये बदललं). जपून ठेवावी अशी प्रॉडक्ट की इथे नसतेच. दुकानातून वर्षाचं कार्ड घेतलं असेल तर त्यावरचा कोड फक्त पैसे भरल्याची खूण, एकदा खात्यात टाकला की संपला. नव्या कॉम्प्युटरवर खात्यात लॉग-इन करा, काम झालं. घरगुती योजनेत एका व्यक्तीला एका वेळी पाच उपकरणांवर लॉग-इन राहता येतं. सहावं जोडायचं असेल तर आधी एखाद्या जुन्यावरून साइन-आउट करा.

ऑफिस २०१३, २०१६, २०१९, २०२१, २०२४

या एकदाच पैसे भरून घ्यायच्या आवृत्त्या. यांत की कॉम्प्युटरवर पूर्ण साठवली जात नाही, तिची फक्त शेवटची पाच चिन्हं राहतात. याचा एक फायदाही आहे: कॉम्प्युटर चोरीला गेला किंवा त्यात व्हायरस शिरला, तरी तुमची की कुणाच्या हाती लागत नाही. गैरसोय एवढीच, की ती तुमच्याही हाती लागत नाही.

इथे शोधायचं ते खातं. जुना कॉम्प्युटर अजून चालू होत असेल तर वर्ड उघडा, 'फाइल' मेन्यूत जा आणि 'अकाउंट' निवडा. उत्पादनाच्या माहितीखाली 'बिलाँग्ज टू' असं लिहून त्यापुढे एक ईमेल पत्ता दिसतो. परवाना ज्या खात्यावर नोंदलाय ते हेच. कित्येकांचा शोध या एका ओळीवर संपतो. तो पत्ता घेऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावर लॉग-इन करा, 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स' या भागात जा. तिथे खरेदी केलेलं ऑफिस आणि त्याच्याशेजारी 'इन्स्टॉल' असं बटण दिसायला हवं.

त्याच 'अकाउंट' पानावर 'अबाउट वर्ड' उघडलं की 'प्रॉडक्ट आयडी' म्हणून एक लांबलचक क्रमांक दिसतो. पुष्कळ लोक तो कागदावर उतरवून घेतात आणि कीच्या जागी टाकतात. तो की नाही आणि त्यावरून की काढताही येत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका.

कधी कधी 'बिलाँग्ज टू'समोर अनोळखी पत्ता निघतो. कॉम्प्युटर विकत घेताना विक्रेत्याने किंवा ऑफिस बसवून देणाऱ्या माणसाने घाईत स्वतःचंच खातं वापरलेलं असतं. मी याला क्षुल्लक चूक मानत नाही. पैसे तुम्ही दिलेत आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर नोंदलाय. अशा वेळी पावती घेऊन त्या व्यक्तीकडे जा आणि तिच्या खात्यातून ऑफिस बसवून घ्या. ते खातं खास तुमच्यासाठीच काढलेलं असेल तर त्याचा पासवर्ड आणि संपर्काचा नंबर बदलून ते स्वतःच्या ताब्यात घ्या. नवीन कॉम्प्युटर घेत असाल तर ऑफिस अॅक्टिव्हेट होताना शेजारी बसा आणि खातं स्वतःचंच टाका.

जुना कॉम्प्युटर बंदच पडला असेल तर ईमेलचा आधार. तुमच्याकडे जेवढे ईमेल पत्ते आहेत, जुने, विसरलेले, सगळे, त्यांच्यात खरेदीच्या सुमाराचे मेल शोधा. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातून घेतलं असेल तर खात्यातल्या 'ऑर्डर हिस्टरी'त नोंद मिळते. दुसऱ्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं असेल तर त्याच्याकडच्या तुमच्या ऑर्डरमध्ये बघा. कार्ड न पाठवता कोड मेलने किंवा ऑर्डरच्या पानावर देणारे विक्रेतेही असतात.

मग ती शेवटची पाच चिन्हं कशाला?

एकट्या कॉम्प्युटरवाल्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. पण चार-पाच कॉम्प्युटर असलेल्या छोट्या कार्यालयाला फार आहे. प्रत्येक मशीनसाठी वेगळं ऑफिस घेतलेलं असतं आणि कार्डं सगळी एकाच फायलीत. कुठलं कार्ड कुठल्या मशीनचं, कुणाला आठवत नाही. खात्याच्या पानावरही एकाच नावाच्या पाच ओळी दिसतात.

ही गुंतागुंत त्या पाच चिन्हांनी सुटते. ऑफिसबरोबर एक छोटी फाइल येते, तिचं नाव ओएसपीपी डॉट व्हीबीएस. ती 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस' फोल्डरच्या आत असते: ऑफिस २०१३ असेल तर 'ऑफिस १५' नावाच्या फोल्डरमध्ये, त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्यांसाठी 'ऑफिस १६'मध्ये. विंडोज ६४-बिट आणि ऑफिस ३२-बिट असेल तर 'एक्स ८६' असं लिहिलेल्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बघा. 'कमांड प्रॉम्प्ट', म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, त्या फोल्डरमध्ये जायचं, 'सीस्क्रिप्ट' हा शब्द, मग त्या फाइलचं नाव, मग एक तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'डीस्टेटस' असं इंग्रजीत (cscript ospp.vbs /dstatus) टाइप करून एंटर दाबायचं. परवान्याचं नाव, त्याची सध्याची स्थिती आणि कीची शेवटची पाच चिन्हं समोर येतात. ती कार्डांशी ताडून बघा आणि प्रत्येक कार्डावर त्या मशीनचं नाव लिहून ठेवा. यासाठी बाहेरचं काहीही डाउनलोड करावं लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एका मशीनवर दोन परवाने दिसले तर घाबरू नका. आधीच्या चाचणी आवृत्तीचे अवशेष बऱ्याचदा तसेच पडून असतात.

ऑफिस २०१० आणि त्याआधीचं

इथे मात्र चित्र उलटं आहे. या आवृत्त्यांना खात्याची भानगड नव्हती, त्यामुळे कुठे ऑनलाइन नोंद बघायची सोयही नाही. पण पूर्ण की कॉम्प्युटरमध्येच साठवलेली असते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज जिथे ठेवल्या जातात त्या साठ्यात, 'डिजिटल प्रॉडक्ट आयडी' नावाची नोंद असते. तिच्यातल्या १५ बाइटमध्ये ती २५ चिन्हं आकड्याच्या रूपात दडवलेली असतात. नजरेने वाचता येत नाहीत, पण उलगडणं अवघड नाही.

हे उलगडून दाखवणारी छोटी साधनं आहेत. त्यांतलं जुनं आणि माहितीतलं म्हणजे निरसॉफ्टचं 'प्रोड्यूकी'. कॉम्प्युटर चालू होत नसेल पण हार्ड डिस्क शाबूत असेल, तर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडून तिच्यावरच्या विंडोज फोल्डरमधूनही ते की वाचू शकतं. म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करण्याची घाई करू नका.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण त्यांवर लोक हमखास अडखळतात. पहिली अशी, की अशा साधनांवर अँटिव्हायरस अनेकदा आक्षेप घेतो. कारण की वाचणं हे काम चोरटे प्रोग्रामही करतात. आता तुम्ही साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घेतलं असेल तर तो इशारा नेहमीचा म्हणता येईल, पण नावाशी साधर्म्य असलेल्या भलत्याच पानावरून घेतलं असेल तर तोच इशारा खराही असू शकतो. खात्री नसेल तर अँटिव्हायरस बंद करून काहीही चालवू नका. दुसरी गोष्ट, कधी कधी उत्तर म्हणून सगळीकडे 'बी' हेच अक्षर दिसतं, पंचवीसच्या पंचवीस वेळा. ती की नव्हे. चिन्हांच्या क्रमात 'बी' पहिलं असल्याने त्याची किंमत शून्य, आणि नोंद कोरी असेल तर उलगडल्यावर सगळे 'बी' निघतात. म्हणजे तिथे की ठेवलेलीच नाही.

की सापडली तरी एक अडचण उरू शकते. कॉम्प्युटरबरोबर कार्डाच्या रूपात मिळालेला ऑफिस २०१० चा परवाना त्या एकाच कॉम्प्युटरपुरता होता, नव्या मशीनवर तो नेता येत नाही. खोक्यातून आलेला किरकोळ विक्रीचा परवाना नेता येतो. ऑफिस २०१३ च्या बाबतीत सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने खोक्यातल्या परवान्यालाही हलवण्याची मनाई केली होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर मार्च २०१३ मध्ये ती अट मागे घेतली.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॅकवरच्या ऑफिस २०११ ची की शोधण्यात अर्थ उरलेला नाही. ते ३२-बिट सॉफ्टवेअर आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्राम चालतच नाहीत.

लेबल आहे, पण पुसट झालंय

यात बरीच आशा असते. कीमध्ये कुठली चिन्हं येऊ शकतात हे ठरलेलं आहे: १७ अक्षरं आणि ७ आकडे, एकूण २४. आकड्यांपैकी ०, १ आणि ५ कधीच नसतात. अक्षरांपैकी ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात, आणि एल, एस, झेड ही अक्षरंही नसतात. 'एन' जुन्या कीमध्ये नसायचं, ऑफिस २०१३ पासूनच्या कीमध्ये या २४ चिन्हांशिवाय तेही येतं. एकमेकांसारखी दिसणारी काही चिन्हं आधीच वगळली आहेत.

म्हणून पुसट जागी शून्य किंवा 'ओ' वाटत असेल तर ते 'क्यू' किंवा 'डी' असणार. 'झेड'सारखं वाटलं तर २. खरा घोळ राहतो तो ८ आणि 'बी'मध्ये, ६ आणि 'जी'मध्ये, आणि थोडा 'व्ही' आणि 'वाय'मध्ये. शंका असलेली दोन-तीन चिन्हं असतील तर शक्यता मोजक्याच निघतात. लेबलाचा फोटो तिरप्या उजेडात काढा आणि फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. शेवटचा गट पुसट असेल आणि ऑफिस अजून जुन्या मशीनवर असेल, तर वर सांगितलेल्या आज्ञेने तो गट जसाच्या तसा मिळतो.

एक लेबल मात्र दिशाभूल करतं. कॉम्प्युटरच्या पाठीवर किंवा लॅपटॉपच्या तळाशी असलेली की साधारणपणे विंडोजची असते. विंडोज ८ पासून तर तीही लेबलावर न देता मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्राममध्ये, साठवतात, आणि ती तिथून वाचताही येते. हे ऐकून ऑफिसचीही तशीच मिळेल असं अनेकांना वाटतं. तशी सोय ऑफिसला नाही.

नोकरीच्या ठिकाणचं ऑफिस

संस्था ऑफिस घाऊक परवान्यावर घेतात. त्यात एक पद्धत अशी, की एकच की ठरावीक संख्येच्या मशीनवर चालते. दुसऱ्या पद्धतीत संस्थेच्या जाळ्यावर एक सर्व्हर असतो, तोच सगळ्यांना मान्यता देतो. ही मान्यता १८० दिवस टिकते आणि मशीन जाळ्यावर असेल तर अधूनमधून आपोआप नवी होत राहते. नोकरी सोडताना मिळालेला लॅपटॉप घरी नेला आणि काही महिन्यांनी ऑफिस अचानक 'परवाना नाही' म्हणायला लागलं, तर कारण बहुधा हेच.

अशा मशीनवर शेवटची पाच चिन्हं दिसली तरी ती तुमच्या मालकीच्या कशाचीच खूण नाही. सर्व्हरवाल्या पद्धतीत सगळ्या मशीनवर एकच सर्वसाधारण की असते, ती मायक्रोसॉफ्टने स्वतः उघडपणे प्रसिद्ध केलेली आहे. संस्थेचा सर्व्हर नसेल तर तिचा काही उपयोग नाही. अशा वेळी संस्थेच्या आयटी विभागाला विचारणं एवढंच हातात असतं.

'मी पैसे मोजलेत, मग कंपनी नवी की का देत नाही?'

हा राग मला पूर्णपणे समजतो, आणि तो गैर नाही. कारण मात्र समजून घ्यायला हवं. दुकानातून घेतलेल्या कार्डावर विकत घेणाऱ्याचं नाव नसतं. ती की रिडीम होईपर्यंत ज्याच्या हातात, त्याची. तुम्ही फोन करून 'माझी हरवली' म्हणालात, तर ती तुमचीच होती आणि तुम्ही ती दुसऱ्याला दिलेली नाही, हे कंपनीला कळायला काही मार्ग नाही. रिडीम केल्यावर नाव कळतं, पण तेव्हा कीची गरज उरत नाही.

म्हणून मधल्या अवस्थेत, म्हणजे कार्ड घेतलंय पण अजून वापरलेलं नाही, अशा वेळी हरवलं तर आधार फक्त पावतीचा. पावती घेऊन विक्रेत्याकडे जा. काही विक्रेत्यांकडे विकलेल्या कोडची नोंद असते. पावतीही नसेल, तर तो परवाना गेला असं धरून चालावं लागतं. विकत घेतलेलं कार्ड त्याच दिवशी आपल्या खात्यात रिडीम करा, ऑफिस लगेच बसवायचं नसलं तरी.

'शेवटची पाच चिन्हं आहेत, बाकीची वीस शोधता येणार नाहीत?'

गणित करून बघू. २४ चिन्हं, २० जागा. शक्यता होतात ४ वर २७ शून्यं एवढ्या. सेकंदाला १०० कोटी शक्यता तपासणारं यंत्र मिळालं तरी सगळ्या संपवायला सुमारे १२,७०० कोटी वर्षं लागतील. शिवाय डिजिटल सही जुळायला हवी, आणि ती की खरोखर विकली गेली आहे का हे सर्व्हर वेगळंच बघतो. कुणी 'पाच चिन्हं द्या, पूर्ण की काढून देतो' म्हणालं तर तो फसवतोय, इथे दुसरी शक्यता नाही.

फुकट अॅक्टिव्हेटर आणि फार स्वस्त की

की सापडत नाही म्हणून हताश झालेल्या माणसाला हे दोन रस्ते नेमके दिसतात. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते.

अॅक्टिव्हेटर म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरच खोटा मान्यता-सर्व्हर उभा करणारा प्रोग्राम. ते बेकायदा आहेच, पण त्याहून जवळचा धोका असा, की तो चालवताना तुम्ही अँटिव्हायरस स्वतःच्या हाताने बंद करता आणि अनोळखी प्रोग्रामला सर्वाधिकार देता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की 'केएमएसपिको' या प्रसिद्ध अॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून 'क्रिप्टबॉट' हा चोरटा प्रोग्राम पसरवला जात होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांची माहिती आणि क्रिप्टोचलनाची वॉलेट चोरणं हे त्याचं काम.

स्वस्त कींचं दुखणं वेगळं. किमतीच्या अगदी नगण्य भागात मिळणारी की बऱ्याचदा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेली असते. ती टाकली की चालते, हिरवी खूणही येते. पण तीच की शेकडो ठिकाणी वापरली गेल्याचं लक्षात आलं की मायक्रोसॉफ्ट ती बंद करतं. तोपर्यंत विक्रेता गायब झालेला असतो. विकणारा 'खात्यात जोडता येणार नाही' किंवा 'फोनवरून अॅक्टिव्हेट करावं लागेल' अशी अट सांगत असेल तर घेऊ नका.

काहीच मिळालं नाही, तर फाइल्सचं काय?

फाइल्स तुमच्याच आहेत आणि त्या कीला बांधलेल्या नाहीत. परवाना नसलेलं ऑफिससुद्धा फाइल उघडून दाखवतं, छापूही देतं. फक्त बदल करू देत नाही. ऑफिस २००७ पासूनच्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्सची रचना खुली आहे, तिला २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानांकन मिळालं. त्यामुळे दुसरी सॉफ्टवेअरही त्या वाचू शकतात. मायक्रोसॉफ्टचंच ब्राउझरमध्ये चालणारं वर्ड-एक्सेल मोफत खात्यावर मिळतं. लिब्रेऑफिस तर पूर्ण मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. पत्रं, अर्ज, साधे हिशेब यांना ते पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) वापरलेल्या एक्सेल फाइल्स किंवा काटेकोर मांडणीची कागदपत्रं असतील तर मात्र काही गोष्टी हलतात. अशा दोन-चार फाइल्स आधी उघडून बघा आणि मगच नवा परवाना घ्यायचा की नाही ते ठरवा. जुना कॉम्प्युटर विकायला किंवा पुसायला काढणार असाल तर त्याआधी वर्डमधलं ते 'अकाउंट' पान उघडून त्याचा फोटो काढून ठेवा, आणि ऑफिस २०१० असेल तर की वाचून दोन ठिकाणी लिहून ठेवा.